चाकाचे माप वाटेला विचारावे

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारची गोष्ट. पहाटे पनवेलहून निघून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने आम्ही शेडुंग फाटा गाठला. तेथून आत वळून प्रबळगडाच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीपर्यंत सायकली दामटल्या आणि प्रबळमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर जमेल तेवढे चढलो. चढणीला कुणाचीच तक्रार नव्हती. उतरणीला मात्र एका वळणावर भाचीची सायकल वळलीच नाही. ती सरळ गेली आणि भाची करवंदीच्या जाळीत पडली. कोपर सोलले, गुडघा सुजला, यापलीकडे काही झाले नाही, हे नशीब. उठून बसल्यावर तिने जे वाक्य उच्चारले ते मात्र डोक्यातून जाईना. ती म्हणाली, ‘‘मामा, सायकल चांगली आहे हो, पण ती मला नेते, मी तिला नेत नाही.’’

भाचीची उंची पाच फूट. सायकल नवी कोरी, २९ इंची चाकांची. दुकानात तिने ‘कितीची घेऊ?’ असे विचारले तेव्हा ‘आता सगळे हेच घेतात’ एवढेच उत्तर मिळाले होते. डोंगरवाटांवर चालवायची गिअरची सायकल घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला आज हा प्रश्न पडतो. चाक २६ इंची घ्यावे, साडेसत्तावीस की २९? वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्याही पुढे जाणारी ही खरेदी असते आणि चूक झाली तर ती केवळ खिशाला नव्हे, हाडांनाही भोवू शकते. म्हणून या तीन मापांचा नेमका अर्थ काय आणि पनवेलच्या आसपासच्या वाटांवर कोणते चाक कसे वागते, याचा थोडा तपशिलात विचार करणे उपयुक्त ठरेल.

इंचांचा घोळ

सायकलच्या चाकाचे इंचात सांगितले जाणारे माप हे फारसे प्रामाणिक नसते. खरे माप मिलिमीटरमध्ये असते आणि ते टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत उमटवलेले असते. उदाहरणार्थ, ‘५६-६२२’. यातील पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो आणि दुसरा, टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. डोंगरी सायकलीच्या २६ इंची चाकात तो ५५९ मिलिमीटर असतो, साडेसत्तावीस इंचीत ५८४ आणि २९ इंचीत ६२२.

येथे एक गंमत लक्षात येईल. २६ आणि साडेसत्तावीस यांच्यात २५ मिलिमीटरचे अंतर आहे. साडेसत्तावीस आणि २९ यांच्यात मात्र ३८ मिलिमीटरचे. नावावरून साडेसत्तावीस हे बरोबर मधले माप वाटते. प्रत्यक्षात ते २६ चे जवळचे नातेवाईक आहे. सव्वादोन इंचाला किंचित कमी, म्हणजे ५६ मिलिमीटर रुंदीचा टायर चढवला, की या तीन चाकांचा बाहेरचा व्यास अनुक्रमे सुमारे ६७, ७० आणि ७३ सेंटिमीटर भरतो. थोडक्यात, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चाकातील फरक चार बोटांपेक्षा जास्त नाही. एवढ्यावरच साऱ्या जगात वीस वर्षे वाद चालला.

आणखी एक. २९ इंची चाक ही काही तरी अपूर्व वस्तू आहे असा समज असेल, तर दूधवाल्यांची आणि पोस्टमनची काळी, दांड्याची सायकल आठवावी. तिच्या ‘२८ बाय दीड’ टायरचा रिमवरील व्यास ६३५ मिलिमीटर असतो, म्हणजे २९ इंची म्हणवणाऱ्या चाकाहूनही मोठा. खडबडीत गावरस्त्यावर कॅन घेऊन जाणाऱ्यांना मोठ्या चाकाचे मर्म फार पूर्वीच उमगले होते. नव्या सायकलीने त्यावर जाड टायर चढवला, इतकेच.

२६ इंचांची सद्दी

मग डोंगरी सायकलींना इतकी वर्षे २६ इंची चाक का? त्याचे उत्तर शास्त्रात नव्हे, अडगळीत सापडते. अमेरिकेत १९३३ साली श्विन कंपनीने २६ इंची, सव्वादोन इंचांहून किंचित कमी (२.१२५ इंच) जाडीच्या फुगीर टायरची सायकल बाजारात आणली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातील काही तरुणांनी या जुन्या, वजनदार सायकली भंगारातून उचलून डोंगरउतारावरून पिटाळायला सुरुवात केली. १९७६ मध्ये तेथील ‘रीपॅक’ नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली ही मंडळी या खेळाचे जनक मानली जातात. त्यांच्या हाती जाड टायर होते ते २६ इंची. म्हणून नव्याने बांधलेल्या सायकलीही २६ इंची झाल्या. पुढे कारखान्यांनी तेच माप उचलले. आपल्याकडेही ‘रेंजर’ या नावाने घरोघरी ओळखली जाणारी सायकल याच मापाची होती.

मोठ्या चाकांचे प्रयोग मधूनमधून झाले, पण टायरच मिळत नसल्याने ते फसले. १९९९ मध्ये अमेरिकेतील डब्ल्यूटीबी या कंपनीने २९ इंची चाकासाठी खराखुरा जाड टायर बनवला आणि कोंडी फुटली. पुढच्या दशकभरात २९ इंचीने पाय रोवले. साडेसत्तावीस हे मूळचे फ्रेंच माप २००७ च्या सुमारास पुन्हा बाहेर काढले गेले आणि २०१२ नंतर एकाएकी सर्वत्र दिसू लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांत चांगल्या दर्जाच्या नव्या डोंगरी सायकलींतून २६ इंची चाक जवळजवळ हद्दपार झाले.

या वादाचा सर्वांत बोलका निकाल १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये लागला. पुरुषांच्या शर्यतीत झेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ इंची चाकांवर होता, तर स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर साडेसत्तावीस इंची चाकांवर. सुमारे दीड तास दगड, चढ आणि उतार तुडवल्यानंतर कुल्हावी जिंकला, तो केवळ एका सेकंदाने. वाचकांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. कुल्हावीची उंची सहा फुटांहून अधिक, शुर्टरची पाच फूट आठ इंचांच्या आसपास. दोघांनीही आपापल्या देहाला साजेसे चाक निवडले होते आणि दीड तासाच्या कसोटीत दोन्ही चाके तोडीस तोड ठरली.

दगड आणि खड्डा

मोठे चाक ‘दगडावरून सहज जाते’ असे म्हणतात. हे खरे आहे, पण किती खरे, ते मोजून पाहावे. दहा सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे साधारण वीतभर रुंद पाटीत मावेल असा धोंडा वाटेत आहे अशी कल्पना करा. चाक त्याला ज्या कोनात धडकते, तो २६ इंची चाकासाठी सुमारे ४५ अंश, तर २९ इंचीसाठी सुमारे ४३ अंश भरतो. संथ गतीत त्यावर चढण्यासाठी लागणारा पुढचा रेटा २९ इंचीला सुमारे सात टक्क्यांनी आणि साडेसत्तावीसला सुमारे तीन टक्क्यांनी कमी लागतो. खड्ड्याचेही तसेच. फूटभर लांबीच्या खळग्यात २६ इंची चाक साडेतीन सेंटिमीटर खाली जाते, तर २९ इंची चाक सव्वातीनपर्यंत.

हे आकडे लहान वाटतील. पण एका किलोमीटरच्या वाटेत असे शेकडो दगड आणि खळगे असतात. प्रत्येक ठिकाणी थोडा धक्का आणि थोडी गती वाचली, की तासाभराने मनगटांना आणि मांड्यांना तो फरक जाणवतो. २९ इंची सायकलीवर बसणाऱ्याला ‘वाट गुळगुळीत झाली’ असे वाटते ते यामुळेच. मात्र त्यामुळे दगड नाहीसे होत नाहीत. वेग नकळत वाढतो, आणि वाढलेला वेग वळणावर हिशेब मागतो.

‘मोठ्या चाकाची पकड अधिक’ हे विधान मात्र थोडे जपून घ्यावे. टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती मोठा असेल, हे मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. मोठ्या चाकात तो भाग थोडा लांबट आणि अरुंद होतो, त्यामुळे चढणीला आणि ब्रेक लावताना किंचित लाभ होतो. पण दाब चुकला तर हा लाभ उरत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

वळणाचे गणित

आता भाचीच्या त्या वळणाकडे वळू. सायकल सरळ का गेली? दवाखान्यातील ढकलगाडीची किंवा ऑफिसातील खुर्चीची छोटी चाके पाहा. ती आपल्या खुंटाच्या मागे फरफटत येतात आणि म्हणून आपोआप सरळ राहतात. सायकलच्या पुढच्या चाकाचेही तेच आहे. हँडलची नळी तिरकी असते. तिची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधील अंतराला जाणकार ‘ट्रेल’ म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर सायकल सरळ रेषेत स्थिर राहते, पण हँडल जड लागते; कमी असेल तर ती पटकन वळते, पण वेगात चंचल होते.

चाक मोठे केले आणि बाकी काही बदलले नाही, तर ट्रेल वाढतो. हँडलच्या नळीचा कोन ६९ अंश आणि चिमट्याचा पुढे काढलेला सरकाव ३८ मिलिमीटर धरला, तर २६ इंची सायकलीत ट्रेल ८८ मिलिमीटर येतो. २९ इंचीत तो १०० होतो. सुरुवातीच्या २९ इंची सायकली ‘बैलगाडीसारख्या वळतात’ अशी तक्रार होत असे, तिचे एक कारण हे. पुढे कारागिरांनी चिमट्याचा सरकाव ५१ मिलिमीटरपर्यंत वाढवला, तेव्हा तोच ट्रेल पुन्हा ८६ वर आला. म्हणजे चाकाचा दोष चिमट्याने भरून काढता येतो. म्हणूनच केवळ चाकाचे इंच विचारून सायकल कशी वळेल हे सांगता येत नाही. नळीचा कोन, चिमट्याचा सरकाव, दोन चाकांमधील अंतर आणि हँडलची लांबी हे सगळे मिळून तिचा स्वभाव ठरवतात.

तरीही काही गोष्टी मोठ्या चाकाबरोबर येतातच. दोन चाकांमधील अंतर थोडे वाढते, त्यामुळे अरुंद, काटकोनी वळणावर जागा अधिक लागते. रिम आणि टायरचे वजन वाढते. आणि फिरणाऱ्या कडेवरचे वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट मोजावे लागते. एका फेऱ्यात २९ इंची चाक २६ इंचीपेक्षा सुमारे नऊ टक्के अधिक अंतर कापते, म्हणून तोच गिअर तितकाच जड लागतो. पुढची दातेरी चकती लहान असेल तरच चढण सुसह्य होते. ब्रेकचेही असेच. त्याच मापाच्या डिस्कने मोठे चाक तितकेच आवळायचे तर सुमारे नऊ टक्के जोर जास्त लावावा लागतो. आणि आऱ्या लांब असल्याने आडवा मार बसला की चाकाला आउट येण्याची शक्यता थोडी अधिक.

याच्या बदल्यात मोठे चाक एक छान भेट देते. पॅडलचा आस चाकांच्या आसापेक्षा बराच खाली येतो. त्यामुळे आपण सायकलच्या ‘वर’ नव्हे, ‘आत’ बसल्याची भावना होते आणि तीव्र उतारावर डोक्यावरून उलटण्याची धास्ती कमी होते.

पनवेलच्या तीन वाटा

हे सारे कागदावरचे. प्रत्यक्षात पनवेलकरांना सकाळच्या दोन-तीन तासांत गाठता येतील अशा वाटा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिली खारघरच्या डोंगराची. सिडकोने बांधलेल्या घाटरस्त्याने संथ चढत वर गेले, की चाफेवाडी आणि फणसवाडी या आदिवासी पाड्यांच्या बाजूला मुरमाड माळ लागतो. लांब, सलग चढ, रुंद वाट, सुटी खडी. येथे २९ इंची चाक खरोखर शोभते. एकदा लय लागली की ते ती सोडत नाही.

दुसरी वाट नेरे, मालडुंगे करत माथेरानच्या कुशीतील धोदाणीकडे जाणारी. गाढी नदीचे खोरे, गाढेश्वरचे धरण, मध्येच डांबर सोडून गाडीवाटेला लागावे, ओढ्यातील गोल गोटे ओलांडावेत, मग भातखाचरांच्या कडेने वाडीकडे जाणारी चिंचोळी पायवाट. गोट्यांत मोठे चाक बरे वाटते, पण पायवाटेच्या काटकोनी वळणांवर आणि दर दहा पावलांना थांबून पुन्हा वेग घेण्यात लहान चाक हलके आणि आज्ञाधारक ठरते. साडेसत्तावीसचा समतोल येथे पटतो. जुन्या २६ इंची सायकलवाल्यालाही या वाटेवर न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

तिसरी वाट म्हणजे प्रबळगड किंवा माथेरानच्या सोंडांवरून उतरणारी, घसाऱ्याची. तीव्र उतार, बेसॉल्टचे सुटे तुकडे, त्यावर वाळका पाला. मोठे पुढचे चाक येथे जीवदान देते, कारण ते अडखळत नाही. पण उतारावर शरीर मागे, मागच्या चाकाच्या वर न्यावे लागते, आणि नेमकी तेथे मोठ्या मागच्या चाकाची अडचण होते. या पेचावर तोडगा म्हणून पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस अशी जोडी निघाली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या शर्यतींत दोन्ही चाके एकाच मापाची असण्याचा दंडक होता. तो २०१९ पासून उठला. त्याच वर्षी फ्रान्सच्या लोइक ब्रुनीने अशाच मिश्र चाकांवर उतारशर्यतीचे जगज्जेतेपद पटकावले. नवशिक्याने मात्र या वाटेला चाक कोणतेही असो, उतरून सायकल हातात धरावी. त्यात कमीपणा नाही.

अंगापेक्षा चाक मोठे

आता मूळ मुद्दा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीची जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची साधारण ६८ ते ७० सेंटिमीटर असते. २९ इंची चाकाचा माथा ७३ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे भाची उतारावर मागे सरकते तेव्हा मागचा टायर तिला स्पर्श करण्याइतका जवळ येतो. ती घाबरून पुढेच बसून राहते. पुढे बसल्याने सारे वजन पुढच्या चाकावर, हातावर आणि पुढच्या ब्रेकवर. हँडलही मोठ्या चाकामुळे उंच आलेले, त्यामुळे कोपर ताठ. अशा अवस्थेत वळणावर सायकल झुकवायची ती झुकवली जात नाही आणि ती सरळ जाते. तिचे वाक्य अक्षरशः खरे होते. सायकलच तिला नेत होती.

हा प्रश्न काही कंपन्यांनी ओळखलेला आहे. एकाच मॉडेलच्या लहान मापाच्या फ्रेमला साडेसत्तावीस आणि मोठ्या मापांना २९ इंची चाके द्यायची, अशी पद्धत त्यांनी स्वीकारली. ट्रेक कंपनीची ‘मार्लिन’ हे त्याचे आपल्याकडे परिचित असलेले उदाहरण. म्हणून दुकानात चाकाआधी फ्रेमचे माप विचारावे. सायकलच्या दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभे राहावे. दांडा आणि शरीर यांत निदान दोन इंचांची फट हवी. हँडल पूर्ण वळवून पाहावे. पायाचा चवडा पुढच्या टायरला लागतो का, ते तपासावे. सीट खाली करून, शरीर मागे नेऊन पाहावे. पाच फूट तीन-चार इंचांपर्यंतच्या चालकांना, आणि त्यात आपल्याकडील बहुसंख्य स्त्रिया येतात, साडेसत्तावीस इंची चाक बहुधा अधिक सोयीचे पडते. पाच फूट आठ इंचांच्या पुढे २९ घेण्यास हरकत नाही. मधल्यांनी दोन्ही चालवून पाहावे आणि मगच ठरवावे. ‘आता सगळे हेच घेतात’ हे उत्तर सगळ्यांच्या पायांची लांबी सारखी असती तरच खरे ठरले असते.

पैसा न लागणारी दुरुस्ती

तथापि, त्या रविवारी आम्ही भाचीची सायकल लगेच बदलू शकत नव्हतो. म्हणून प्रथम तिच्या टायरला अंगठा लावून पाहिला. टायर दगडासारखा टणक होता. आदल्या दिवशी हवा भरताना ‘टाइट करून द्या’ असे मीच सांगितले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. शहरात डांबरी रस्त्यावर ते ठीक. घसाऱ्यावर मात्र टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, जमिनीला धरतच नाही. ५६ मिलिमीटर रुंदीच्या टायरला, ट्यूबसह, पन्नास-साठ किलो वजनाच्या चालकासाठी पुढे सुमारे २२ ते २५ आणि मागे २५ ते २८ पौंड हवा पुरते. सत्तर-ऐंशी किलोंच्या चालकाने त्यात तीन-चार पौंडांची भर घालावी. आमच्या टायरमध्ये अंदाजे दुप्पट असावी.

हवा सोडली, सीट चार बोटे खाली केली आणि भाची उरलेला उतार उतरली. न पडता, पण अजूनही घाबरत. पुढच्या रविवारी आमच्या गटातील एकाची लहान फ्रेमची, साडेसत्तावीस इंची सायकल मागून घेतली आणि त्याच उतारावर, तेवढ्याच हवेवर तिला चालवायला दिली. या खेपेला ती वळणावर आधीच मागे सरकली, सायकल झुकवली आणि न थांबता पुढे गेली. दोन रविवारांत आम्हाला समजले ते एवढेच. दोष दोन होते. एक फुकट दुरुस्त होणारा, दुसरा पैसे लागणारा. आणि आधी फुकटचा दुरुस्त करून पाहावा. नव्या सायकलीचे कोटेशन मागवण्यापूर्वी मापाच्या काट्याचा एक साधा पंप विकत घ्यावा.

हवा फार कमीही करू नये. दगडाच्या धारेवर टायर रिमपर्यंत दबला, की ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. ट्यूबविरहित टायरला तो धोका कमी आणि त्यातील द्रव बाभळीच्या काट्याचे भोक बुजवतो. पण तो द्रव काही महिन्यांनी वाळतो आणि पुन्हा भरावा लागतो, हे विसरू नये.

पंक्चरवाला आणि जुनी सायकल

वाडीवस्तीवर टायर फाटला तर काय? २६ इंची टायर-ट्यूब आजही गल्लीतील दुकानात मिळतात; मात्र २६ इंची म्हणून विकला जाणारा प्रत्येक टायर डोंगरी सायकलीला बसत नाही, म्हणून कडेवरचा ‘५५९’ हा आकडा पाहूनच घ्यावा. साडेसत्तावीसची ट्यूब न मिळाल्यास अडीअडचणीला २६ ची ट्यूब ताणून चालते. २९ इंचीचे रिम आणि हायब्रिड सायकलीचे ‘७०० सी’ रिम यांचा व्यास एकच, त्यामुळे तिची ट्यूब घरी पोहोचण्यापुरती उपयोगी पडते. तरीही आपली एक ट्यूब, पॅच आणि पंप पिशवीत असणे हे उत्तम.

घरात जुनी, चांगली २६ इंची सायकल असेल तर ती केवळ फॅशन गेली म्हणून भंगारात देऊ नये. चौकट सरळ आहे, चिमटा ठीक आहे आणि माप अंगाला बसते, एवढे जमले तर नवा रुंद टायर आणि योग्य हवा तिला पुन्हा वाटेवर आणतात. नवी घ्यायची झाल्यास मात्र २६ च्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या मापात चांगले चिमटे आणि रिम मिळणे आता दुरापास्त झाले आहे.

वाट कुणाची?

चाकांच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी राहून जाते. या वाटा सायकलवाल्यांसाठी बांधलेल्या नाहीत. ठाकूर-कातकरी वाड्यांतील माणसे लाकूडफाटा, पाणी आणि बाजार यांसाठी त्या रोज तुडवतात. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर थांबावे ते आपण. भात कापल्यावर खाचरे मोकळी दिसतात म्हणून त्यांतून सायकल घालू नये. उरलेल्या ओलीवर तेथे वाल पेरलेला असतो, आणि ज्या वालाच्या शेंगांची पोपटी आपण हिवाळ्यात चवीने खातो तो याच खाचरांतला. बांध तर शेतकऱ्याने दरवर्षी हाताने घातलेले असतात. पावसाळ्यात ओल्या बांधावर सायकल घातली की तो ढासळतो. कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे. तेथील आतल्या वाटा पायी हिंडण्यासाठी आहेत आणि वनखात्याचे नियम तेथे अंतिम. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी प्रवेशबंदी घातली जाते, तीही निमूट पाळावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या वाटांवरचा खरा हंगाम.

तेव्हा कोणते चाक चांगले? लांब माळ, रुंद वाटा आणि उंच चालक असेल तर २९. चिंचोळ्या पायवाटा, वारंवार वळणे आणि मध्यम वा कमी उंची असेल तर साडेसत्तावीस. घरात सुस्थितीतील २६ असेल तर तीच, हवा तेवढी तपासून. पण या तिन्हींच्या आधी आपण कोणत्या वाटेने जाणार आहोत, हे स्वतःला विचारावे आणि ती वाट एकदा पायी चालून पाहावी. पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे दुकानात नव्हे, तेथेच मिळतात.

भाचीने आपली २९ इंची सायकल महिन्याभराने एका उंच मैत्रिणीला विकली. मैत्रीण खूश आहे. भाची आता लहान फ्रेमच्या साडेसत्तावीसवर असते. परवा ठाकूरवाडीच्या उतारावर ती माझ्या पुढे होती, आणि वळणावर मागे वळून ‘‘मामा, सावकाश या,’’ असे सांगून गेली.